बिनदाराचं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, मित्रांनो, आणि सध्या मी काहीही राखत नाही. कुलपाला याहून मोठी शरम नाही. माझी कडी बंद आहे, किल्ली मला लावलेली आहे, पण माझ्यामागे ना दार, ना कोयंडा. सौदी अरेबियातल्या अल-खोबर शहरात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर मी पडून आहे. वर एसी घुरघुरतो, खाली गाड्या धावतात, आणि मला घडीभर चैन पडत नाही.

तुम्ही म्हणाल, पितळेच्या गोळ्याला कसली आलीय बेचैनी? अहो, जन्मच पहाऱ्यासाठी झालाय माझा. पहारेकऱ्याला खुर्ची द्या, चहा द्या आणि राखायला काहीच देऊ नका, मग बघा त्याची काय गत होते ती. लिफ्टचं दार वाजलं की मी सावध होतो. कोण आलं? कुणाकडे? कशाला? संशय घेणं हा माझा धंदा आहे आणि त्यात मी कधी कसूर केलेली नाही. पण इथे माझ्या संशयाला कुत्रं विचारत नाही.

माझा जन्म अलिगढचा. ज्या कारागिराने मला घडवलं त्याचं नाव मला ठाऊक नाही. त्याने माझ्या पोटात पितळी पट्ट्या एकावर एक बसवल्या, वर झाकण ठोकलं आणि मला कानाशी धरून किल्ली फिरवली. खट्. पुन्हा फिरवली. खट्. तो खुश झाला आणि तेलाच्या फडक्याने त्याने मला पुसून ठेवलं. माझा तो आवाज अजून तसाच आहे, बाकी बरंच झिजलं.

मुंबईच्या बाजारात मला हसनमियाँनी विकत घेतलं. ते बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. दुकानदाराने मखमलीवर मांडलेली हलकी, चकचकीत कुलपं त्यांनी बाजूला सारली आणि मला तळहातावर तोलून म्हणाले, हे द्या. मला तेव्हाच तो माणूस आवडला.

त्यांचं घर दाभोळच्या खाडीकाठी. जांभ्या दगडाचं, कौलारू, पुढे पडवी, मागे खाडीकडे उतरत गेलेली हापूसची लहानशी बाग. त्या घराच्या पुढच्या दाराला मी लागलो. खारा वारा, पाऊस, ऊन, सगळं अंगावर घेतलं. पावसाळ्यात माझ्या अंगावर हिरवट डाग यायचे, ते हसनमियाँची मुलगी हाजरा चिंचेने घासून काढायची. एका वर्षी सगळं घर लग्नाला गेलेलं असताना चोर आला. कानस घेऊन तो माझ्या कडीशी झटला, झटला, आणि शिव्या देत निघून गेला. ती खाच अजून आहे, खोटं वाटत असेल तर बोट फिरवून बघा. पुढे कितीतरी दिवस लोक पडवीत यायचे ते आधी मला बघायचे. तो मान काय सांगू तुम्हाला!

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. हसनमियाँना मुलगा नव्हता, हाजरा एकटीच. आमच्या लोकांत माणूस गेल्यावर घरदाराचे वाटे शरियतप्रमाणे पडतात. मुलगी एकटी असली तरी सगळं तिचं होत नाही, उरलेल्यात पुतणे येतात. आणि पुतणे कसे होते ते मी दारावरून रोज बघत होतो. पण माणसाला जिवंतपणी आपली वस्तू कुणालाही देता येते. त्याला हिबा म्हणतात. देणाऱ्याने साक्षीदारांसमोर 'दिलं' म्हणायचं, घेणाऱ्याने 'कबूल' म्हणायचं, आणि मग खरोखर ताबा द्यायचा. नुसतं तोंडाने दिलं आणि आपणच आत बसून राहिलं, तर उद्या कुणीही उठून बोट दाखवणार.

हसनमियाँ पक्के माणूस. जमातीची चार माणसं अंगणात बसवून त्यांनी आपली वळकटी आणि पानाचा डबा बाहेर काढला. आपण उंबऱ्याबाहेर आले. मला आणि किल्लीला उजव्या हातात धरून हाजराच्या उजव्या हातात दिलं आणि वळकटी खांद्यावर टाकून मशिदीच्या मुसाफिरखान्यात राहायला गेले. लोक हसले. मौलवीसाहेब स्वतः म्हणाले की मुलगी घरातच राहते, तेव्हा एवढं करायची गरज नाही. पण ऐकतील तर हसनमियाँ कसले!

काही दिवसांनी संध्याकाळी ते अंगणात येऊन उभे राहिले. आपण बांधलेल्या घरासमोर, वळकटी काखेत मारून. आणि म्हणाले, "हाजरा, येऊ का आत?"

हाजरा अनवाणी धावत आली. असं विचारून मला मारू नका अब्बा, म्हणाली आणि रडायलाच लागली. ते म्हणाले, "विचारायला हवं. घर तुझं आहे." तिने त्यांच्या हातातली वळकटी ओढून घेतली आणि आत नेऊन टाकली.

पुढे हसनमियाँ अंथरुणाला खिळले. हाजराने त्यांना मधल्या खोलीत ठेवलं, उठवलं, बसवलं, भरवलं, धुतलं. त्या वर्षांत मला काही कामच नव्हतं, कारण घर कधी रिकामं नसायचं. पडवीतल्या खुंटीला मी उघडाच लटकलेला असायचो. मला फार राग यायचा. एवढं दमदार कुलूप आणि असं खुंटीला?

हाजराचा नवरा लवकर गेला. मुलगा कादिर आणि मुलगी रुकय्या यांना तिने त्याच घरात वाढवलं. रुकय्या खाडीपलीकडच्या गावात सून म्हणून गेली. कादिर डिप्लोमा करून सौदीत आला, आधी जिझानला, मग इथे खोबरला, एका कंपनीत मेंटेनन्सला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, संसार इथेच रुजला. हाजरा मात्र घर सोडायला तयार नव्हती. मग एकदा ती मागच्या पायरीवरून पडली आणि कादिर येऊन व्हिजिट व्हिसावर तिला घेऊन निघाला.

आणि निघताना त्याने माझा अपमान केला. घर बरेच दिवस बंद राहणार, या जुन्या कुलपाची किल्ली अडकते, म्हणून बाजारातून नवं, स्टीलचं, चपटं कुलूप आणून त्याने दाराला ठोकलं. किल्ली अडकायची हे खरं आहे. तेल कुणी घातलं होतं मला? हाजराने मला पदरात गुंडाळलं आणि आपल्या पिशवीत कपड्यांच्या मध्ये ठेवलं. नव्या कुलपाची किल्ली कादिरने रुकय्याला दिली. म्हणजे बघा, घर कोकणात, घराचं कुलूप सौदीत, आणि दाराला भलताच कुणीतरी. मुंबईच्या विमानतळावर मशिनमध्ये मी काळाकुट्ट दिसलो तेव्हा तिथल्या साहेबाने मला बाहेर काढून उलटसुलट केलं आणि विचारलं, आजी, हे कशाला? हाजरा म्हणाली, घराचं आहे. त्याला काय कळलं कोण जाणे, पण जाऊ दिलं.

इथे आल्यावर मी कपाटात गेलो, मग चपलांच्या रॅकमध्ये, मग फ्रिजवर. हाजराचीही तीच तऱ्हा. सकाळी ती खिडकीत, दुपारी दारात, संध्याकाळी कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, फिरायला नेलं की समुद्राकडे बघून म्हणायची, हे पाणी हलत का नाही? नातीशी, सानियाशी, ती मराठीत बोलायची आणि सानिया इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघींचं छान जमायचं. पण दर दोन-तीन दिवसांनी ती कादिरला विचारायची, कधी जायचं? तो म्हणायचा, जाऊ, इन्शाअल्लाह.

एका सकाळी नमाजाआधी हातपाय धुऊन, वजू करून उठताना ती कोसळली. डाव्या अंगाला काही झालं नाही, उजवं अंग मात्र गेलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं एकेका शब्दावर आलं. हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टरने सांगितलं की आता चोवीस तास माणूस लागेल. कूस बदलायला, भरवायला, स्वच्छ करायला. एक दिवस हयगय झाली तर पाठीला जखमा होतील.

कादिरची बायको मेहनाज भारतीय शाळेत शिकवते. तिने महिनाभर शाळा आणि सासू दोन्ही ओढलं. पुढे तिची कंबर धरली. एकदा हाजराला पलंगावरून खुर्चीत घेताना दोघीही खाली बसल्या, उठता येईना, आणि कादिर कामावरून येईपर्यंत तशाच फरशीवर राहिल्या. त्या दिवशी मेहनाजने कादिरला स्पष्ट सांगितलं. "माझं प्रेम कमी नाही. माझा जोर कमी पडतोय. अम्मांना माझ्या हातून काही झालं तर मी काय करू?" ती खरं बोलत होती. मी फ्रिजवरून सगळं बघितलेलं आहे.

व्यायाम शिकवायला येणारी फिलिपिनो बाई डाव्या हातासाठी रबरी चेंडू देऊन गेली. हाजराने तो फेकून दिला. पुन्हा दिला, पुन्हा फेकला. तेव्हा मेहनाजला मी आठवलो. तिने मला हाजराच्या मांडीवर ठेवलं. हाजराने डाव्या हाताने किल्ली चाचपली, फिरवली. मी अडकलो. तिने पुन्हा फिरवली. खट्. कडी उघडली. तिने ती मांडीवर दाबून बंद केली. खट्. त्या दिवसापासून घरात दिवसभर हाच आवाज. उघड, बंद कर, उघड, बंद कर. कादिर फोनवर बोलताना वैतागायचा, पण थांबवायचा नाही.

कादिरचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आईच्या व्हिसाची मुदत संपत होती. कंपनीत माणसं कमी करायचं चालू होतं आणि आपला इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे चालेल की नाही, याचा त्याला भरवसा नव्हता. तो या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारायचा. शेवटी त्याने रत्नागिरीजवळचं एक शुश्रूषा केंद्र शोधलं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे ठेवून घेतात, नर्स असतात, डॉक्टर येतो. फोटोत ते स्वच्छ दिसत होतं. पलंगांची रांग होती आणि प्रत्येक पलंगाला एकाच रंगाची चादर. कादिरने एक खाट धरून ठेवायला सांगितली.

त्यावर रुकय्याने फोनवरून दुसरंच काढलं. ती म्हणाली, भाई, घर रिकामं पडलंय. तालुक्याच्या दवाखान्यातल्या दोन नर्स राहायला जागा शोधतायत. पुढच्या दोन खोल्या त्यांना देऊया, भाडं घ्यायचं नाही, त्याऐवजी त्या पाळीपाळीने अम्माचं करतील. दिवसा मी खाडी ओलांडून येत जाईन. अम्मा आपल्या घरात राहील. कादिरने ते उडवूनच लावलं. परकी माणसं घरात घालायची? उद्या निघाल्याच नाहीत तर? आयुष्यभर कोर्टात खेटे घालायचे?

आणि मित्रांनो, मला कादिरचंच पटलं. परका माणूस आत नको, हे तर मला अलिगढहून शिकवून पाठवलेलं. घर राखायचं म्हणजे लोकांना बाहेर ठेवायचं, दुसरं काय?

मग अदनान आला. हा कादिरचा गाववाला, इथेच दुकानात मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण पोळलेला आहे. त्याचा चुलता अशाच एका केंद्रात होता. तिथे दाखल करताना घरच्यांनी म्हाताऱ्याच्या नावावरची जमीन तारण लिहून दिली. म्हातारा बरीच वर्षं जगला आणि जमीन तुकड्या-तुकड्याने गेली. शेवटी चुलताही गेला आणि पोरांना उभं राहायला अंगणही उरलं नाही. म्हणून अदनान म्हणाला, आधी घर आणि बाग तुझ्या नावावर हिबा करून घे, मग चाचीला, म्हणजे हाजराला, दाखल कर. तिच्या नावावर काही नसलं म्हणजे कुणी काही मागणार नाही. चाची बोलते आहे, तिला समजतंय, तोवर उरकून टाक. यल्ला, उशीर नको.

रुकय्याचं काय, असं मेहनाजने विचारलं. कादिर म्हणाला, तिचा वाटा मी नंतर देईन, मी काय खाणार आहे तिचा? त्याने त्याच वेळी बहिणीला फोन लावला. रुकय्या म्हणाली, "घर तू घे, भाई. मला घर नको. अम्मा कुठे राहणार ते सांग." कादिरने फोन मेहनाजकडे दिला आणि पाणी प्यायला उठून गेला.

शुक्रवारची नमाज झाल्यावर मंडळी जमली. बाहेर धूळ उठली होती, खिडकीतून समोरची इमारतही दिसत नव्हती. सोफ्यावर अदनान, त्याच्या शेजारी दुसरे साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरचे हम्मादभाई. मेहनाज स्वयंपाकघराच्या दारात उभी. हाजरा चाकाच्या खुर्चीत, मी तिच्या मांडीवर. अदनानने सगळं मोठ्याने समजावलं, जणू ती बहिरी होती. कादिर तिच्या पायाशी बसला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "अम्मा, घर आणि बाग मला दिली, एवढं म्हण. तुझ्याच भल्यासाठी आहे."

हाजराचा हात थांबला. सकाळपासून चाललेली माझी खटखट बंद झाली. तिने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मग म्हणाली, "देते."

हम्मादभाईंनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं. अदनान खुश झाला. आता कुलूप-किल्ली कादिरच्या हातात द्या चाची, म्हणजे ताबापण झाला, म्हणाला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं की मी ज्या दाराचा, त्या दारावर आता मी नाहीच. मला हसू आलं. बिनदाराच्या कुलपाचा ताबा म्हणजे नुसतं पितळेचं ढेकूळ. पण हाजराने मला दिलं नाही. तिने डाव्या हाताने दाराकडे बोट केलं.

"भायेर," ती म्हणाली.

सगळ्यांना वाटलं तिला फिरायला जायचंय. एवढ्या धुळीत कुठे, मेहनाज म्हणाली. हाजराने पुन्हा बोट केलं. मेहनाजने खुर्ची दारापर्यंत नेली. हाजराने मानेने नाही म्हटलं आणि पुढे दाखवलं. दार उघडलं, चाकं उंबऱ्यावरून खाली उतरली आणि खुर्ची बाहेर, लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. हाजराने हात हलवून मेहनाजला आत पाठवलं. आता ती एकटी बाहेर होती आणि बाकीचे सगळे आत.

मग तिने जे केलं ते मी जवळून बघितलं, कारण ते माझ्याच बाबतीत होतं. देणं उजव्या हाताने द्यायचं असतं. तिचा उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. तिने डाव्या हाताने तो उलटा केला, बोटं उलगडली, तळहातावर मला ठेवलं, किल्ली वर ठेवली. मग डावा हात खालून घालून तो उजवा हात उचलला. मी घसरणार असं मला वाटलं, पण तिने मला पडू दिलं नाही.

कादिर उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभा होता. त्याने हात पुढे करून मला घेतलं. "कबूल," म्हणाला.

हाजराने हात खाली ठेवला. दम घेतला. तोंडाची ओढलेली बाजू सरळ करायचा प्रयत्न केला आणि एकेक शब्द नीट लावून विचारलं, "कादिर, येऊ का आत?"

अदनान हसला. चाची, काय विचारता, तुमचंच घर आहे, म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती कादिरकडे बघत होती.

कादिरला ही गोष्ट ठाऊक होती, मित्रांनो. लहानपणी त्याने ती हाजराच्या मांडीवर ऐकलेली, पुन्हा पुन्हा सांग म्हणून हट्ट केलेला. वळकटी ओढून घेतल्याच्या जागी तो टाळ्या वाजवायचा, मी खुंटीवरून बघायचो. आता त्याच्या हातात मी होतो. काय म्हणणार तो? हो म्हणावं, तर रत्नागिरीची खाट धरून ठेवलेली. घर त्याचं झालं होतं आणि घरवाला म्हणून त्याला पहिलंच जे बोलायचं होतं, ते 'नाही' होतं. त्याने मला इतकं घट्ट धरलं की ती कानशीची खाच त्याच्या तळव्यात रुतली.

लिफ्ट आली. दार उघडलं, इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, पाण्याचे बाटले घेऊन बाहेर आला, चाकाच्या खुर्चीतल्या म्हातारीला त्याने सलाम केला आणि शेजारच्या दाराकडे निघून गेला.

मग कादिर उंबऱ्यावरच बसला. मोठा माणूस, पोट सुटलेला, नमाजाचे पांढरे कपडे घातलेला, मधोमध उंबऱ्यावर बसला आणि रडला. "तू विचारायचं नाही, अम्मा," म्हणाला. "मला कधीच विचारायचं नाही." त्याने मला तिच्या उजव्या तळहातावर परत ठेवलं, आपल्या हाताने तिची बोटं माझ्याभोवती मिटली आणि ती तशीच धरून ठेवली. मेहनाज बाहेर आली. तिने खुर्ची फिरवली आणि उलट्या बाजूने ओढून हाजराला आत घेतलं.

अदनान अजून समजावत होता. अरे, घर जाईल तुझं, वेड्या, माझ्या चुलत्याचं काय झालं ते विसरलास? कादिर म्हणाला, "घर तिचं आहे. तिच्यासाठी गेलं तर जाऊ दे. खलास, अदनान." अदनान थोडा वेळ बसला. मग उठून हाजराच्या डोक्याला हात लावून, दुवा कर चाची, म्हणाला आणि गेला. तोही भ्यालेला माणूस आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही.

त्याच संध्याकाळी कादिरने रुकय्याला फोन केला. त्या दोन नर्सना खोल्या दाखव, म्हणाला. त्यांचं जमलं नाही, अम्माला जास्त काही लागलं, तर खाडीकडची बाग विकू. आणि कधी केंद्रातच ठेवायची वेळ आली, तर अम्माला विचारून ठेवू आणि तिचं घर तिच्या उपयोगी आणू. रुकय्या पलीकडून रडत होती, हे मला इथे खिडकीत ऐकू आलं. आणि मी? मी गोंधळात पडलोय. जन्मभर समजत होतो की मी घर राखतो. पण ज्याच्यासाठी घर त्यालाच बाहेर ठेवायचं झालं, तर आत राखायला उरलं काय? हे मला अलिगढला कुणी शिकवलं नव्हतं.

परवाचं विमान आहे. बॅगा हॉलमध्ये उघड्या पडल्यात. कादिरने रजा काढलीय, सगळं लावून देऊन मगच तो परतणार. काल त्याने हत्यारांच्या पेटीतून तेलाची कुपी काढली आणि माझ्या किल्लीच्या भोकात थेंब थेंब सोडला. किती वर्षांनी! किल्ली फिरवली तर आवाज ओळखीचा वाटला. मला वाटलं आता मन शांत होईल. कुठलं काय! त्या दोन नर्स कशा असतील? हाजराची कूस वेळेवर बदलतील ना? दाराच्या कोयंड्यात मी अजून बसेन ना, की त्या चपट्या कुलपाने तो वाकवून ठेवलाय? आणि कादिर इथे परत आला की फोन करील, की पुन्हा जाऊ-येऊ म्हणत राहील? माझा कुणावर विश्वास नाही, तुम्हाला सांगितलंच आहे.

म्हणून जाता जाता तुमच्याकडे दोन गोष्टी मागतो, मित्रांनो. तुमच्या घरात एखादं जुनं कुलूप असेल तर पावसाळ्याआधी त्याला तेल घाला आणि अधूनमधून किल्ली फिरवा. पडून राहिलं की ते अडकतं, त्यात त्याचा दोष नसतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी काही ठरवायचं झालं तर त्याच्या समोर बसून, त्याच्याकडे बघून ठरवा. त्याच्यावर उंबऱ्याबाहेर थांबून विचारायची वेळ आणू नका.

माझं स्वतःचं मागणं लहान आहे. घरी पोचल्यावर मला दाराला लावू नका. पडवीत ती जुनी खुंटी अजून असेल, तिला मला उघडंच अडकवा. मधल्या खोलीत हाजरा असेल, तिच्यापाशी कुणीतरी बसलेलं असेल, दार दिवसभर उघडं असेल आणि मला काडीचंही काम नसेल. मी कुरकुर करीन. ती मनावर घेऊ नका.